बुर्गी आणि छत्राचा दांडा

फादर लुडगर म्हणाले, अफ्राचा टूबा म्हणजे अडलेली गाय, गुरुवारच्या मिरवणुकीत नको. बस्स, बुर्गीचं डोकं फिरलं. अफ्रा तिची जिवाभावाची मैत्रीण. तो कवेत न मावणारा पितळी भोंगा अफ्रा वर्षभर घासते तो या एका मिरवणुकीसाठी. बुर्गी दुधाचा टँकर चालवते. शाळा तिनं अर्ध्यात सोडली, तोंडाला ब्रेक तर कधी नव्हताच. तडक चर्चमध्ये जाऊन सांगून आली, असल्या देवाशी आपला संबंध संपला.

फादर हसले. "अगं, त्याच्याशिवाय तुझा एक दिवस निघायचा नाही. उद्या संध्याकाळच्या घंटेपर्यंत त्याचं नाव तोंडात आलं नाही, तर अफ्रा सगळ्यांच्या पुढे वाजवेल. आलं, तर मिरवणुकीत माझ्यावरचं छत्र तू धरायचं."

"ठरलं," बुर्गी म्हणाली.

आता आमच्या बव्हेरियात माणूस भेटला की 'ग्र्यूस गॉट', म्हणजे देव तुझं भलं करो. शिंकलं की देव, दचकलं की देव, पोट भरलं तरी देवच. बुर्गी पहिल्या गोठ्यात शिरली आणि नुसतं "शुभ दिवस" म्हणाली. असं फक्त उत्तरेकडचे प्रशियन म्हणतात. शेतकऱ्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नवीन बाई समजून दुधाची टाकी कुठंय ते दाखवायला निघाला. दुसऱ्यानं कपाळाला हात लावून ताप बघितला. तिसऱ्याचं कुत्रं, जे रोज तिच्या पायाशी लोळायचं, ते लांबूनच गुरगुरलं. पैजेची बातमी लागलेली बेकरीवाली तर मुद्दाम शिंकतच सुटली. बुर्गीनं आख्खा ब्रेत्सेल, तो वेटोळ्याचा खारा पाव, तोंडात कोंबला आणि पळाली.

शेवटचा गोठा फ्रोनी आजीचा. तिथं गाय अडली होती, खरीखुरी. बुर्गीनं बाह्या सारल्या, दोघींनी मिळून दोर ओढला आणि वासरू धपकन बुर्गीच्याच मांडीवर. आजीनं तिचे बरबटलेले हात धरले.

"देव तुझे उपकार फेडो गं पोरी."

यावर 'देव तुला आशीर्वाद देवो' म्हणायचंच असतं. नाही म्हटलं तर आभार मध्येच लटकतात, असं जुनी माणसं मानतात. बुर्गीनं नुसती मान डोलावली. आजी हात सोडेना. म्हातारीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, आपलंच काही चुकलं.

बुर्गीनं मनातल्या मनात अफ्राची माफी मागितली.

"देव तुला आशीर्वाद देवो, आजी."

आणि तशीच, शेणामातीच्या कपड्यांत, फादरना जाऊन सांगून टाकलं. कोणी ऐकलं, त्यांनी विचारलं. आजीनं आणि वासरानं, ती म्हणाली, पण हरले ते हरले.

गुरुवारी तिनं चार दांड्यांच्या छत्राचा पुढचा एक दांडा धरला. खाली फादर, हातात सोन्याचं जड पवित्र पात्र, डोक्यावर जूनचं ऊन. घंटा झाल्या. बाकीच्या तिघांनी पाऊल उचललं. बुर्गी खांबासारखी उभी.

"चल की," फादर दबक्या आवाजात म्हणाले.

"टूबा वाजला की चालते."

"अगं, तू हरलीयेस!"

"हरले म्हणून तर दांडा माझ्या हातात आहे. छत्र धरायचं ठरलं होतं. चालायचं कुठं ठरलं होतं?"

मागं सगळं गाव खोळंबलेलं. फादरचे हात लटपटायला लागले, घाम नाकावरून ओघळला. गर्दीत टूबा कवटाळून उभ्या असलेल्या अफ्राकडे त्यांनी मान वळवली.

"देवासाठी तरी वाजव गं बाई!"

अफ्रानं गाल फुगवून फुंकलं. लांब फ्रोनी आजीच्या गोठ्यातून गाईनं तेवढ्याच दमानं साद दिली. सगळ्यांत आधी फादरच फिसकन हसले, मग बुर्गी, आणि छत्र असं डोलायला लागलं, की उरलेल्या तिघांना ते आवरेना.