बहिणीच्या पलंगाला धुरी

फोडणी द्यायच्या आधी स्मोक अलार्मला शॉवर कॅप घालायची, हा अमेरिकेत, बॉथेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये मी शिकलेला पहिला धडा. त्यामुळे एका दुपारी शेजारच्या घरातला अलार्म कोकलायला लागला, तेव्हा नवरा "अगं, तुला काय करायचंय? मॅनेजमेंटला कॉल करतील ते," म्हणेपर्यंत मी कॅप घेऊन पोचलेसुद्धा. भोचकपणा माझ्या अंगातच आहे.

दार उघडलं ते नव्यानंच राहायला आलेल्या सोमाली बाईंनी. माझ्या आईच्या वयाच्या. मी स्टुलावर चढून अलार्म गप्प केला आणि मग खाली पाहिलं. मातीच्या धूपदाणीत निखारा, त्यावर कसलेसे काळपट खडे आणि त्या धुरावर धरायला काढलेली कोरी रजई. थेट आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत देतात तशी धुरी! विचारल्याशिवाय परत जाणं शक्यच नव्हतं.

मग मावशींनी (मनातल्या मनात मी त्यांना मावशी करूनही टाकलं होतं) वेलची-दालचिनीचा चहा दिला आणि मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. या धुपाला ते उन्सी म्हणतात. साखरेच्या पाकात ऊद आणि अत्तर घालून बायका घरीच करतात, आणि प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं. हे प्रमाण त्यांच्या आईचं. सोमालियातून पळून त्या केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत आल्या. तिथे धाकटी बहीण त्यांच्याच चटईवर वाढली. पुढे मावशी मुलाबरोबर अमेरिकेला आल्या, बहीण मागे राहिली. आता कुठे तिला तिकीट मिळालं होतं. रजई तिच्यासाठी होती.

"मी म्हातारी झाले. ती चेहरा ओळखेल की नाही, सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण हा वास ओळखेल."

त्या बहिणीनं माझ्या डोक्यात घरच केलं. ती मावशींसारखीच उंच असेल का? तिला बेसनाचा लाडू आवडेल का?

"यार, बहीण त्यांची येतेय की तुझी?" नवरा म्हणाला.

आणि मग निर्वासितांना देशात आणणंच इथल्या सरकारनं थांबवलं. बहिणीचं तिकीट कॅन्सल झालं. पुन्हा कधी मिळेल, कुणालाच सांगता येईना. मला संताप आला, पण मावशींसमोर जायचा धीर होईना. चौकशा करणारी मी, जाता-येता त्यांचं दार टाळत राहिले.

शेवटी त्यांनीच आमचं दार वाजवलं. "तुझी ती टोपी देतेस का?"

मी कॅप घेऊन गेले. पाहुण्यांच्या खोलीत पलंग नीट लावलेला होता, धूपदाणीत निखारा फुलला होता आणि रजई मावशींच्या हातात होती. नको तो प्रश्न माझ्या तोंडून गेलाच. "आता कशाला, मावशी?"

"वास उडून जातो ना," त्या म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा द्यावा लागतो."

मी स्टुलावर चढले आणि अलार्मला कॅप घातली. ती तिथेच राहू दिली. आमच्या फोडणीसाठी दुसरी आणली.