दुसरा फटका
पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की अजून माझी मूठ आवळते. तरुणपणी तोंडवलीच्या रस्त्यावर वाळत घातलेल्या मासेमारीच्या गळांच्या दोरीवर मी मोटारसायकल घातली. एक गळ टायरात रुतला, दोरी चाकाला गुंडाळली. पंक्चर काढायला सोल्युशन नि टायर उचकटायची लोखंडी पट्टी काढून बसलो, तोच दोरीचा मालक सुरी घेऊन धावत आला. मी पट्टी त्याच्या दंडावर हाणली. सुरी पडली. तो कळवळत म्हणाला, “दोरी कापूक सुरी हाडलंय रे! भियालंस काय?” मासे सुकवणाऱ्या बायका हसल्या. त्याने सुरी दोरी कापायला आणली होती हे समजूनही मी पुन्हा हाणलं, मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज आला. त्या हाताने त्याला पुन्हा वल्हं मारता आलं नाही. घरी मी फक्त पहिल्या फटक्याचं बोललो होतो; दुसऱ्याचं आज सांगतोय.