साळवेकाकांचा पत्रा मी पुसला

मंडळी, दुपारपासून मला माझीच किळस येतेय.

आमच्या कॉलनीतले साळवेकाका ओझरला विमानांच्या दुरुस्तीत फिटर होते. गेल्या आठवड्यात मी तिथे उडणाऱ्या एका जुन्या विमानाचा फोटो काढला. त्याचा नंबर ऐकताच काका म्हणाले, "अरे, हे तर माझ्या हातचं! मोठी प्रिंट दे मला."

मी मन लावून एडिटिंग केलं. तिरका फोटो सरळ केला, सेन्सरवरच्या धुळीचे आकाशात आलेले ठिपके पुसले, धुरकटपणा घालवला. पंखाच्या खालच्या बाजूला एक फिकट चौकोन होता. तोही डाग समजून पुसून टाकला.

आज फ्रेम घेऊन गेलो. काकांनी चष्मा लावला, पंखावर बोट फिरवलं. "इथला पॅच कुठे गेला? तो पत्रा मी बसवला होता. रिटायर व्हायच्या आधीचं माझं शेवटचं काम."

आणि मी काय म्हणालो? "काका, कॅमेऱ्यात आला नसेल."

"असेल बाबा," म्हणत त्यांनी काकूंना चहा ठेवायला सांगितला. तो चहा मी प्यायलोसुद्धा. शी!

घरी चैन पडेना. संध्याकाळी मूळ फोटोची प्रिंट काढून पुन्हा गेलो आणि खरं काय ते सांगितलं.

"डाग वाटला होय तुला?" एवढंच म्हणाले काका.

चूक कुणाचीही होते हो. पण समोरच्या साध्या माणसाशी इतक्या सहज खोटं कसं बोलून जातो आपण? तुमच्याकडून झालंय कधी असं?