शनिवारचं कार्ड

काही माणसं गेली की वैद्यकातलं एक युग संपतं. रहिमतपूरच्या डॉक्टर दिनकररावांच्या शोकसभेत हे तीन वक्त्यांनी सांगितलं. त्यांतल्या दोघांनी त्यांना कधी पडशासाठीही बोलावलं नव्हतं. माझ्यापुरतं म्हणाल तर गेले पाच आठवडे शनिवारी एक कार्ड लिहायचं राहून जातं, एवढंच.

ते कार्ड बेचाळीसच्या धामधुमीनंतर सुरू झालं. रहिमतपूरपासून मिरजेपर्यंतच्या आम्हा पाच दवाखानेवाल्यांना दिनकररावांनी पत्र धाडलं : दर शनिवारी कळवा, आठवड्यात तापाचे रोगी किती, कुठल्या गावचे, पाणी कुठलं पितात. मोठ्या इस्पितळात रोगी पोचतो तो शेवटी. ताप सुरू कुठे होतो ते आपल्यालाच दिसतं, पण प्रत्येकाला आपापल्या खिडकीतून. सहा खिडक्या जोडल्या तर... स्वतःचं कार्डही ते टपालाने स्वतःलाच पाठवत. नियम सगळ्यांना सारखा.

इस्लामपुरात मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मनात एकच आलं : या गृहस्थाला माझी गावं कशाला हवीत? आमच्या धंद्यात गाव सांगितलं की रोगी दुसऱ्याकडे गेला. बाकीच्यांनाही तसंच वाटलं असणार. पोलिसांना तर आमच्याहून जास्त. एक हवालदार टपालातून उचललेलं माझं कार्ड घेऊनच दवाखान्यात आला.

"पुरुष नऊ, बायका चार, विहीर ओढ्याकाठी... ही कुनाची टोळी हो डाक्टर?"

"तापाची."

"समद्यास्नी एकदम ताप?"

"म्हणून तर लिहितो."

त्याचं समाधान झालं नाही. कार्ड खिशात घालून गेला.

खालची वाडी ही माझी हुकमी वाडी. तिथे विषमज्वराने ठाण मांडलं होतं. कार्डावर मी वरची वाडी लिहीत असे. आकडे खरे, गाव खोटं. त्यामुळे अगदीच खोटं बोलल्यासारखं वाटत नसे.

तीन महिन्यांनी दिनकरराव कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून काळेठिक्कर होऊन उतरले. नमस्कार नाही, चहा नाही. माझ्या टेबलावर त्यांनी औषधाची एक रिकामी बाटली ठेवली. डोसांची कातरलेली कागदी पट्टी तिच्यावर अजून चिकटलेली होती, आणि पट्टीवरचं अक्षर माझं होतं.

"वरच्या वाडीत कुणालाही ताप नाही," ते म्हणाले. "एक म्हातारा म्हणाला, 'आमी ठणठणीत हाय. आजारी मानसं बगायची तर खाली जावा.' खाली गेलो. कोनाड्याकोनाड्यात तुमच्या बाटल्या."

"लिहिताना चूक झाली असेल."

"तीन महिने?"

त्या तीन महिन्यांत खालच्या वाडीतला एक बाप आणि त्याची मुलगी गेली होती. दोघांनाही माझंच औषध चालू होतं. ते दिनकररावांना ठाऊक होतं. त्यांनी ती बाटली आणखी माझ्या बाजूला सरकवली.

"तुम्हाला संशय आला कसा?" मी विचारलं.

"सुचलं खरं," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. "चला, विहिरीवर जाऊ."

विहिरीत औषध टाकलं तसं पाणी गुलाबी झालं आणि काठावरची कुजबुज थांबली. "इख घातलं व्हय?" एका बाईने उघडच विचारलं. नवरा आणि मुलगी गेलेली ती हीच. "आधी तुमी प्या. न्हाई, ते पाव्हनं नगंत. तुमी प्या, आमचं डाक्टर."

मी प्यालो. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मी पडतो की काय म्हणून. मग लोकांनी पाणी उकळायचं कबूल केलं. पावसाळ्यापर्यंत वाडीतला ताप ओसरला. त्यानंतर मी गावांची नावं खरी लिहिली.

गेल्या आठवड्यात रहिमतपूरला दिनकररावांच्या घरी गेलो. वहिनींनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पुढे सरकवला. "तुमची कार्डं तुम्ही घेऊन जा. मला ती कळत नाहीत, आणि जाळवतही नाहीत."

माझ्या गठ्ठ्यात वरची वाडी जिथे जिथे होती तिथे तांबड्या पेन्सिलीने खोडून खालची वाडी लिहिलेली होती, शेजारी दुरुस्तीची तारीख. खाली आणखी एक गठ्ठा होता, दिनकररावांनी स्वतःला पाठवलेल्या कार्डांचा. तो मी केवळ अक्षर बघावं म्हणून उघडला. पहिल्या तीन महिन्यांच्या कार्डांवर तापाचं गाव खोडून त्याच तांबड्या पेन्सिलीने दुसरं लिहिलेलं होतं. हे दुसरं गाव मला माहीत आहे. त्यांचे निम्मे रोगी तिथूनच येत.

शेजारी तारीख होती. ते माझ्याकडे आले, त्याच्या आदल्या दिवसाची.