उतारावर न्यूट्रल

सिल्लेवानीच्या घाटात ब्रेक फेल झाले नव्हते. ते मी जाळले होते.

गाडी दादाची. प्रताप नगरातल्या आमच्या घरापुढे ती जुनी अमेरिकन गाडी अर्धा रस्ता अडवून उभी असायची. तिला क्लच नव्हता. स्टिअरिंगजवळच्या दांड्यानं गिअर बदलायचे: डी म्हणजे नेहमीचं चालणं, एन म्हणजे न्यूट्रल, इंजिनापासून चाकं मोकळी, एल म्हणजे लो. तिची सगळी दुरुस्ती दादा रविवारी स्वतः करायचा. ब्रेकही त्यानंच नवे बसवले होते.

छिंदवाड्याला नात्यातलं लग्न होतं. दादाला सुटी मिळाली नाही, म्हणून आई आणि वहिनीला घेऊन मी निघालो. निघताना तो म्हणाला, "येताना घाट उतराच्या आधीच एल लावजो. स्पीड वाढल्यावर नाही. इंजिनच गाडीले धरून ठेवते. ब्रेकवर लटकून राहू नको."

"माहीत हाये मले," मी म्हणालो.

परतताना घाटाच्या तोंडाशी मी एल लावलाही. इंजिन मोठ्यानं घोंघावू लागलं.

"काहून एवढी बोंबलून राहिली गा हे?" मागून आई म्हणाली.

त्या रस्त्यावरचे ट्रकवाले उतारावर न्यूट्रल मारून तेल वाचवायचे आणि चहाच्या टपरीवर त्याच्या बढाया मारायचे. मला ते आठवलं. मी दांडा एनवर सरकवला. सगळं शांत झालं. आपण हुशार आहोत असं वाटलं.

पाय मात्र ब्रेकवरून उचलता येईना.

"भाऊजी, काही जळून राहिलं का?" शेजारी बसलेल्या वहिनीनं विचारलं.

"समोरच्या ट्रकचा वास असन."

पुढच्या वळणावर पेडल तळाला टेकलं, तरी ब्रेक लागेना. आता लो लावायला उशीर झाला होता. दरी टाळायला मी गाडी डोंगराच्या अंगावर घातली. वहिनी त्याच बाजूला होती.

लोक तिला बाहेर काढत होते, आई रडत होती. त्या गडबडीत मी दांडा हळूच एलवर आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दादा गाडीपाशी आला. त्यानं आधी दांडा पाहिला, मग वाकून चाकं. बराच वेळ तो उठला नाही. मग म्हणाला, "तू बराबर केलं गा. ब्रेकच गेले. मीच बसवले होते."



वहिनीचा गुडघा पुन्हा वाकला नाही. फरशीवर तिचा पाय घासत जाण्याचा आवाज मी जेवताना ऐकला, आंघोळ करताना ऐकला, बदलीच्या गावी एकटा राहत असतानाही ऐकला. दादानं गाडी भंगारात दिली, दुरुस्तीचे पाने शेजाऱ्याला देऊन टाकले. बायकोचा पाय आपल्या हातानं गेला, असं तो धरून बसला. मी ते त्याला धरू दिलं.

परवा पुतणीच्या सायकलचा ब्रेक सैल झाला होता. "बाबा, एवढा कसून द्या ना जी," ती म्हणाली.

"बाहेरून करून आण," दादा म्हणाला. "माह्या हातचा ब्रेक नको."

ती सायकल ढकलत गेली. वहिनी ओट्यावर भाजी निवडत होती. मी दादाच्या समोर जाऊन बसलो.

"दादा, तुझे ब्रेक चांगले होते. म्या गाडी न्यूट्रलवर सोडली होती. एल म्या मागून लावला, तुले दिसावा म्हणून. वहिनी, तुमचा पाय माझ्यामुळं गेला. मले माफ करा."