मिठाचा हात

आमच्या मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये कुणी खरं बोलत नाही. कुणाकडे जेवायला जा, आमटी करपलेली असली तरी सगळे 'अमेझिंग' म्हणतात. माझी अख्खी नोकरी गाड्यांचे ब्रेक तपासण्यात गेली. तिथे 'अमेझिंग' म्हणून भागत नसे, त्यामुळे माझं तोंड फटकळ झालं ते झालंच. बायको म्हणायची, "तुम्हाला लोक दुसऱ्यांदा बोलावत नाहीत ते उगाच नाही." ती गेल्यापासून पहिल्यांदाही कुणी बोलावत नाही.

दर शनिवारी भारतीय दुकानातलं सामान घेऊन झालं की ती मला त्याच रांगेतल्या एका छोट्या मिठाईच्या दुकानात न्यायची. दुकान एका पेरानाकन कुटुंबाचं. फार पूर्वी चीनहून मलाक्क्याला येऊन तिथलेच झालेल्या व्यापाऱ्यांची ही माणसं. देव्हारा चिनी, बोली मलय आणि गोडाधोडात आपल्या कोकणासारखा नारळ-गूळ. आजीने मलाक्क्यात घरातून विकायला सुरुवात केली, आईने तोच धंदा मिशिगनला आणला, आणि लेक आता नोकरी सोडून त्यात उतरली आहे.

बायकोचा जीव तिथल्या हिरव्या गोळ्यांवर. चिकट तांदळाच्या पिठीत आंबेमोहोराच्या पानाचा रस, आपण भातात घालतो तेच पान. आत माडाचा गूळ, वरून ओलं खोबरं. गोळा अख्खा तोंडात टाकून ओठ मिटून चावायचा, नाहीतर आतला पातळ गूळ शर्टावर. "तोंड बंद ठेवा," ती मला दर वेळी बजावायची. मग स्वतः डोळे मिटून म्हणायची, "पारीत मीठ आहे हो हिच्या. माझ्या उकडीसारखं."

ती गेल्यावरही मी शनिवारी जात राहिलो. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा रांगेत उभं राहिलेलं बरं. शिवाय तो गोळा चावला की तेवढ्यापुरती ती शेजारी आहे असं वाटायचं. हे मी मुलालाही सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात दुकानातल्या म्हाताऱ्या आईला जोराचा ताप आला. मी तिला आंटी म्हणतो. ताप उतरला, पण वास आणि चव गेली ती परत आली नाही. चाखता येईना तशी तिने करायचं सोडलं आणि लेकीने भट्टी हातात घेतली. तिने केलेला पहिला गोळा मी दुकानातच खाल्ला. दिसायला तसाच, हिरवागार. पण चावला आणि शेजारी कुणी नव्हतं.

"हे ते नाही," मी म्हणालो. रांगेतल्या माना वळल्या.

लेक माझ्या मागोमाग गाडीपर्यंत आली. रागावली असेल असं वाटलं, पण तिचे डोळे भरले होते. "सगळे छान म्हणतात, अंकल. मला माहीत आहे की चुकतंय. आईला चव कळत नाही, आणि मी लहानपणी हे खाल्लंच नाही, मला डोनट हवे असायचे. आता ही चव फक्त तुमच्यासारख्यांच्या जिभेवर राहिली आहे. दुकान उघडायच्या आधी येऊन चाखाल?"

मी जायला लागलो. खरं सांगतो, निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच घड्याळाचा गजर लावला. गोळे उकळत्या पाण्यात असताना 'झाले का' असं विचारायचं नाही, हा त्यांच्या घरचा नियम; विचारलं की फुटतात म्हणे. मला त्यात नवल वाटलं नाही. माझी आई अनारसे तळताना आम्हाला फिरकू देत नसे, नजर लागली की अनारसा तुपात हसतो म्हणायची. तर आम्ही तिघं गप्प बसायचो. मी चाखायचो, आणि आंटी माझ्या शब्दांची वाट न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघायची. तिथेच तिला उत्तर मिळायचं, आणि ती मान फिरवायची.

दूर चँडलर गावात राहणाऱ्या मुलाला फोन करून सांगितलं. "बाबा, यू आर अ टेस्टर नाउ? ग्रेट यार. मीटिंगमध्ये आहे, कॉल करतो." त्याचा कॉल अजून यायचा आहे.

लेकीने गूळ बदलला, पिठी बदलली, पानं बदलली. पालथ्या घड्यावर पाणी. मग एका सकाळी चावता चावता बायकोचं बोलणं आठवलं.

"पारीत मीठ हवं," मी म्हणालो.

"पारीत मीठ नसतंच. मीठ फक्त खोबऱ्यात," लेक म्हणाली. आंटीनेही ठणकावून सांगितलं की तिने जन्मात पारीत मीठ घातलेलं नाही, तिच्या आईनेही नाही. मीही हट्टाला पेटलो. माझी बायको चवीच्या बाबतीत कधी चुकली नाही, असं म्हणालो. माझा आवाज चढला असावा.

आंटी वैतागून उठली. बघ, असं करतात, म्हणून तिने खोबऱ्यावर मीठ टाकलं, हाताने नीट चोळलं, आणि तोच हात तसाच पिठात घालून मळायला लागली.

"मा, हात," लेक म्हणाली आणि थांबली. तिने स्वतःच्या हातातल्या ग्लव्ह्जकडे पाहिलं. खोबरं झालं की ती दर वेळी ग्लव्ह्ज बदलत होती.

ते गोळे पाण्यात पडले तेव्हा कुणी काही बोललं नाही. मला मात्र भीती वाटत होती. चुकले तर चव गेली. जमले तर माझ्या सकाळी गेल्या. पहिला गोळा तोंडात टाकताना मनात आलं, थोडे चुकू देत.

चावला. आणि ती शेजारी होती.

मी काही ठरवण्याआधीच आंटीने माझ्या चेहऱ्यावर वाचलं आणि तोंडावर हात ठेवून खाली बसली. लेक मिठाचं माप ठरवायला वजनकाट्याकडे धावली. जाताना म्हणाली, "अंकल, आता इतक्या लवकर उठायची गरज नाही तुम्हाला." चांगल्या मनाने म्हणाली.

पुढच्या शनिवारी मी गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभा राहिलो. लेकीने डबा दिला, हसली, पुढच्या माणसाकडे वळली. मी निघालो तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आंटीने हाताने बोलावलं आणि शेजारची खुर्ची पुढे सरकवली. माझाच डबा उघडून तिने एक गोळा माझ्या हातावर ठेवला, एक स्वतः घेतला. आम्ही दोघांनी ओठ मिटले. तिला त्यातली कसलीच चव लागत नव्हती. ती माझ्या चेहऱ्याकडे टक लावून, मी चावेन तसं चावत होती. मी गिळला, तेव्हा तिनेही गिळला.

"आज चांगले झालेत," ती म्हणाली.