चौदा दाते

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, पाण्याचे जार पोचवतात. त्यांचा नवरा वारल्यावर त्याच्या मोटरसायकलला त्यांनी मागे लोखंडी चौकट बसवून घेतली आणि सकाळी सहाला निघायला लागल्या. त्याला बारा वर्षं झाली. हे बाईमाणसाचं काम नव्हे, असं त्यांना कुणी सुनावलं नाही असा एक महिना गेला नसेल. वन्सं ऐकून घेतात आणि किक मारतात.

गाडं अडलं ते टेकडीवरच्या दवाखान्यापाशी. वन्संचं निम्मं घर त्या दवाखान्यावर चालतं. तिथे खाटा वाढल्या, दोनाचे चार जार झाले, आणि शेवटच्या वळणावर गाडी पहिल्या गिअरमध्येही धापा टाकून बंद पडायला लागली. मॅनेजरनं सांगून टाकलं, "रविवारी दहाच्या आत चारही जार एका खेपेत आणा. नाहीतर सोमवारपासून टेम्पो लावतो."

आमच्या ह्यांनी परस्पर तोडगा काढला. गाडी विकायची, बहिणीनं घरी बसायचं. रविवारी अकराला गिऱ्हाईकही बोलावलं.

त्या दिवशी आठला आम्ही पोचलो, तर वन्सं अंगणात उलट्या बादलीवर बसलेल्या. इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडं. आत चेन फिरवणारी, वंगणानं माखलेली दातेरी चकती. शेजारी फडक्यावर तशीच एक नवी कोरी.

"जुनीला पंधरा दाते, हिला चौदा," त्या मला म्हणाल्या. "पळ कमी होतो, ओढ वाढते. गॅरेजवाला हसला हो वहिनी. म्हणे, एका दात्यानं काय होतंय ताई? म्हटलं, तुझा एक दात दुखला की घर डोक्यावर घेतोस ना?"

"गिऱ्हाईक येतंय अकराला," हे कडाडले.

"कुणाच्या गाडीला?"

ह्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"आलाच आहेस तर वर बस, दादा. मागचा ब्रेक दाबून धर. चाक फिरतंय, बोल्ट सुटत नाही."

"मी? तुझ्या या वेडेपणात?"

"मग वहिनींना बसवते."

बसले. इस्त्रीची पँट सावरत बसले, आणि बसल्या बसल्या सुरू झाले. वय बघ, गुडघे बघ, लोक काय म्हणतील ते बघ.

वन्संनी पान्यावर सगळा भार टाकत मान वर केली. "बोल, पोटभर बोल. फक्त पाय काढू नकोस ब्रेकवरून."

कुरकुरत एक बोल्ट सुटला, मग दुसरा. नवी चकती बसली. चेन आता सैल पडली, म्हणून मागचं चाक जरा मागे ओढून त्यांनी ती ताणली, बोटानं वरखाली करून पाहिली. मग चार जार लादले आणि निघाल्या. आम्ही स्कूटरवर मागोमाग.

शेवटचं वळण आलं. गाडी गुरगुरली, मंदावली, पण थांबली नाही. चालत्या माणसाच्या वेगानं, एकसारखी, वर चढली. दारात मॅनेजर घड्याळ बघत उभा. वन्संनी चारही जार त्याच्या पायाशी ओळीनं मांडले.

"उद्याचे कुठे ठेवू?"

परतलो तेव्हा गिऱ्हाईक फाटकाशी उभं. "पळते किती?"

"पूर्वीइतकी नाही आता," वन्सं म्हणाल्या. "आणि विकायचीही नाही."

तो माणूस ह्यांच्याकडे बघायला लागला. हे पँटवरचा काळा डाग घासत होते.

"माझ्याकडे काय बघता? गाडी तिची आहे."

"घासू नकोस, दादा, पसरेल," वन्सं म्हणाल्या. "थांब, रॉकेल आणते."